आईच्या ट्रंकेतलं पत्र

खराडी, पुणे

चि. सौ. मुक्ताईस ताईचे आशीर्वाद.

तुझा अभय मला फुलासारखं जपतो. ऑफिसातून आला की स्वतः चहा टाकतो. तुझे गुडघे कसे आहेत?

त्याने लिहिलेली छोटीशी कादंबरी वाचली. धर्मशाळेत दोन दिवस भेटलेले दोन प्रवासी. नाव न घेता माझीच गोष्ट तू त्याला सांगितलीस. त्याचा राग नाही.

पण शेवटी त्या माणसाचं पत्र येतं, त्यात तो तिला 'चिंचगोळी' म्हणतो. धर्मशाळेत मला पडलेलं हे नाव मी तुलाही सांगितलं नव्हतं गं.

"आईच्या ट्रंकेत जुनं पत्र होतं, मावशी, त्यातलं आहे," अभय सहज म्हणाला.

त्या माणसाने मला पत्र लिहिलंच नाही म्हणून मी रडायचे, तेव्हा माझे डोळे तूच पुसायचीस.

ते पत्र रजिस्टरने पाठव.

तुझी,
कांताताई