चहा म्हणजे काय

शनि. १० जाने.
निखिलचा पुण्याहून फोन. पुन्हा तेच. "आई, गाडी काढून टाक. बाबा आता चालवणार नाहीत, आणि तू पार्क करताना अख्खी बिल्डिंग देवाचं नाव घेते." हसले, पण हो म्हटलं. गिऱ्हाईकही त्यानेच बघून ठेवलंय, पुढच्या रविवारी येईल.
ह्यांना सांगितलेलं नाही. सांगून किती पोचेल? अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडात एकच शब्द उरलाय, चहा. भूक लागली, चहा. पंखा लाव, चहा. मी चिडले तरी चहा. मान हलवतात तीही उलटसुलट.

रवि. ११ जाने.
मुरबाडला नणंदेकडे जेवलो. परत ठाकुर्लीला येताना मुद्दाम बारवी धरणाच्या रस्त्याने आणलं, ह्यांचा आवडता. शहाणपणा नडला. ऐन जंगलात इंजिनच्या तापाचा काटा लालवर, बॉनेटमधून वाफ. फोनला रेंज नाही. ह्यांनी दार उघडलं, पण उजवा पाय उचलेना. मला रडूच फुटलं. बॉनेट हे खातं ह्यांचं. नोकरीत असताना बँकेतून आले की बाह्या सरसावून तिथेच.
मग बाइकवरून एक जोडपं. लग्नाला निघालेलं, नटूनथटून. "काय झाला, वहिनी?" बाईने चाकाखाली दगड लावला. माणूस रेडिएटरच्या झाकणाला रुमाल लावतोय तोच हे ओरडायला लागले, "चहा! चहा!" मी म्हटलं, "त्यांना चहा हवाय. तुम्ही उघडा."
उघडलं. उकळतं पाणी त्याच्या मनगटावर.
चहा मागत नव्हते. तापलंय, उघडू नका, म्हणत होते. इतका संसार करून मला एवढंही... शरमेने मेले.
तो मात्र हात झटकत म्हणाला, "दादा सांगत व्हता, आपुन आयकला नाय." ह्यांना धरून बॉनेटपाशी उभं केलं, बाईने काखेत आधार दिला. मग तो एकेका वस्तूवर बोट ठेवून ह्यांच्या तोंडाकडे बघायचा. ओरडले की ते नाही, बोट काढायचं; गप्प राहिले की बरोबर, त्याच बाजूला पुढे. असं करत फाटका पाइप सापडला. फाटलेलं टोक कापून उरलेला परत बसवला, आमच्या बाटल्यांतलं पाणी भरलं. मी म्हटलं, तुमचं लग्न चुकेल. बाई म्हणाली, "लगीन काय आमचा हाय?"
गाडी सुरू झाली. नाव विचारायचं राहिलं.

सोम. १२
घरी तसंच करून पाहिलं. पंख्याच्या बटणावर बोट, रेडिओवर, खिडकीवर. प्रत्येकाला ओरडले. शेवटी रडले. मग मीही.

गुरु. १५
रोज संध्याकाळी पाय ओढत, माझी ओढणी धरून खाली पार्किंगमध्ये नेतात. बॉनेट उघडायला लावतात. मी कशावर तरी बोट ठेवते, नावं कुणाला ठाऊक. हे गप्प, शांत. वॉचमन म्हणाला, "मॅडम, परत बिघडली?" नाही म्हटलं. घरात ही शांतता का नाही मिळत ह्यांना माझ्याकडून? मत्सर वाटतो, चक्क गाडीचा.
निखिलला सांगितलं. म्हणाला, आई, भावनिक होऊ नकोस.

रवि. १८
सकाळी समोर बसून, हात हातात घेऊन विचारलं, "अहो, गाडी विकू का?"
"चहा."
ओरडले नाहीत. गप्पही राहिले नाहीत. अगदी हळू, माझ्याकडे बघत.
पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच, हळू.
गिऱ्हाईक खाली येऊन उभं आहे. निखिलचा फोन वाजतोय. चावी माझ्या हातात, आणि हे अजून बघताहेत.