निळ्या दोऱ्याची गाठ

अकोला,
ता. १२ मार्च १९६१, रविवार

बुधाजी मुकादम यांस,

जय भीम. तीर्थरूप भाऊ असं लिहायला बसले होते, पण हात वळला नाही. आम्ही इकडे जसे आहोत तसे आहोत. तुझं अमरावतीला ठीकच असणार. अपघात झाला तशी मालकानं लगोलग दुसऱ्या तेलमिलमध्ये तुला जागा दिली म्हणे. वहिनीला आणि लेकरांना माझा जय भीम सांग. त्यांच्यावर माझा राग नाही.

मिलमधले किसनराव काल तुझी चिठ्ठी आणि तो टाइप केलेला कागद देऊन गेले. बिचारे चहालाही थांबले नाहीत. कागदात माझ्या नवऱ्याच्या तोंडी लिहिलंय, "मी जानराव, स्वतःच्या निष्काळजीपणानं टांगलेल्या पोत्याखाली गेलो." खाली सहीपुरती जागा. गुरुवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आत सही पाठवा, म्हणजे घरातली गोष्ट घरात राहील, असं तू लिहितोस. कोणतं घर रे? माझा नवरा दोन महिने बाजेवर पडून आहे, कमरेखाली त्याला चिमटा काढला तरी कळत नाही, त्याला कुशीवर वळवायला मी लागते. ते घर का तुझं? एकदा तरी उंबऱ्यात आलास?

निष्काळजी म्हणे! नऊ वर्षं त्यानं सरकीची पोती रिकामी केली. चार बारदानं जोडून शिवलेलं आठ मणांचं पोतं साखळीनं हौदावर टांगायचं, त्याचं तोंड खाली, आणि तोंडाला सुरगाठ. माणसानं चार हात लांब उभं राहून दोरीचं टोक ओढायचं. एका हिसक्यात गाठ सुटते, सरकी हौदात, माणूस बाहेर. पोतं टांगलं की त्याच्या सावलीतही जायचं नाही, हे नवीन माणसांना तोच शिकवायचा. तुलाही त्यानंच शिकवलं होतं. विसरलास?

मग तो खाली का गेला, हे तू कागदात लिहिलं नाहीस. मी लिहिते.

आदल्या दिवशी कापसाच्या जिनातून येताना बैलबंडीवर एका पोत्याची गाठ सुटली आणि रस्ताभर सरकी सांडली. मालक तुझ्यावर ओरडला. तू येऊन आम्हा पोती शिवून तोंडं बांधणाऱ्या बायकांवर ओरडलास. म्हणालास, "आजपासून निरगाठ मारा. अन् हौदावरच्यायले सांगू नका, नाईतर ते काम बंद पाडतीन. चूक सापडली त सख्खी बहीण असली तरी घरी पाठवीन." तानुबाईनं विचारलंसुद्धा, "मुकादम, मंग ते सोडतीन कसे?" तू म्हणालास, "ते त्यायचं ते पाहून घेतीन."

आम्ही निरगाठी मारल्या. मीही मारल्या.

त्या दिवशी सकाळी नवऱ्याला भाकर बांधून देताना मी बोलू शकले असते. दोन शब्दांचं काम होतं. पण मुकादमाची बहीण म्हणून मला ते काम मिळालेलं, तुझा शब्द कसा मोडू? मी तोंड मिटून बसले. त्यानं दोरी ओढली तशी गाठ आणखीच आवळली. तो विळा घेऊन खाली गेला. सरकी आतून दमट होऊन गोळा झालेली; विळा लागताच सगळं आठ मण एकदम त्याच्या अंगावर आलं.

पोत्याचं कापलेलं तोंड कुठं गेलं म्हणून तू दोन दिवस मिलभर शोधत होतास. ते माझ्या पेटीत आहे. विळा गाठीच्या वर बसला, गाठ शाबूत आहे. कुणाची शिवण उसवली ते कळावं म्हणून प्रत्येकीनं गाठीत आपला रंगीत दोरा घालायचा, ही पद्धत तूच पाडलीस. त्या गाठीत निळा दोरा आहे.

निळा माझा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो रोज म्हणायचा, "मायीच चूक झाली, इंदू," आणि मी त्याला म्हणू द्यायची. दोन महिने म्हणू दिलं. तुला शिव्या द्यायच्या आणि स्वतः लपून राहायचं, असं माझं चाललं होतं. काल तुझा कागद वाचला आणि माझीच मला लाज वाटली. पेटी उघडली, ते तोंड त्याच्या बाजेवर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्यानं गाठ हातात घेऊन दोरा चाचपला. मग म्हणाला, "मले तवाच दिसला होता दोरा. मले वाटलं तुयी चुकून बसली निरगाठ. हाक मारली असती त मुकादम आला असता, तुले कामावरून काढलं असतं. म्हनून गुपचूप खाली गेलो."

ऐकलंस? तो पोत्याला भ्याला नाही. तुला भ्याला, आणि तेही माझ्यासाठी.

गुरुवारी मी इथल्या मिलमध्ये जाणार आहे. तानुबाईही येईल. इन्स्पेक्टर साहेबाच्या टेबलावर ते पोत्याचं तोंड ठेवीन, शेजारी तुझा हा कागद ठेवीन. गाठ माझी आणि हुकूम तुझा, दोन्ही सांगीन. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. तू मात्र आजारी पडू नकोस, अमरावतीलाच थांबू नकोस. ये.

लहानपणी बारदानावर कोळशानं तूच मला नाव गिरवायला शिकवलंस. ते पुसून टाकता आलं असतं तर टाकलं असतं. आता कामाला आलं. जानरावची सही मिळणार नाही. माझी घे.

निरगाठ मारणारी,
इंदूबाई जानराव तायडे