फ्रीज नंबर दोन, कायम चार अंश

सोमवार, ३ जून. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. पाणी तपासणीच्या आमच्या लॅबमध्ये आज दोन परदेशी विद्यार्थिनी इंटर्न म्हणून येताहेत. मुक्काम चार आठवडे, यजमान मी. साहेब महिनाअखेरीस रिटायर होताहेत. त्यांच्या खुर्चीवर मी की मौनी, हे अठ्ठावीस तारखेला पोरींच्या प्रेझेंटेशननंतर ठरणार. मौनी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. वर्षाला सरासरी चार वाक्यं. ही काय स्पर्धा झाली?
संकल्प: आवाज चढवायचा नाही. इंग्रजी फाडायचं. दर वाक्याला 'लक्षात आलं का?' म्हणायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तिन्ही संकल्प साडेदहापर्यंत मोडले. पण छाप पडली.

मंगळवार, ४ जून
एक उंच आहे, एक वहीवाली. उंच आहे ती बाटल्या धुते. वहीवाली लिहिते. मी शिंकलो तरी लिहिते. दोघींना बजावलंय, इथे लपवाछपवी नाही, दिसेल ते लिहा.
हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डातल्या पिण्याच्या पाण्याचे नमुने बाटल्यांतून संध्याकाळी येतात, रात्रभर फ्रीज नंबर दोनमध्ये राहतात, सकाळी आपण त्यातले जंतू मोजतो. फ्रीज चार अंशांवर हवा. दाराला रजिस्टर टांगलंय. वहीवालीने विचारलं, आज मंगळवार, मग शुक्रवारचं तापमान आधीच कसं लिहिलंय? म्हटलं, सोमवारी बसून अख्खा आठवडा भरून टाकतो, वेळ वाचतो. पण शुक्रवारी चारच असेल हे कसं कळतं? म्हटलं, बावीस वर्षांचा अनुभव. तिने 'अनुभव' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. पोर हुशार आहे.

शुक्रवार, ७ जून
मौनी बोलला! फ्रीज दोनच्या दाराचं रबर सैल झालंय म्हणे. वर्षाच्या कोट्यातलं एक वाक्य असं वाया घालवलं. खुर्ची दिसायला लागली की माणूस खुसपटं काढतो, दुसरं काय.
घरी सांगितलं तर ही म्हणाली, अहो, रबर बदलायला असा किती वेळ लागतो? बायकांना ऑफिसचं राजकारण कळत नाही. आत्ता रबर मागवलं की साहेबांच्या टेबलावर कागद जाणार: माझ्या ताब्यातला फ्रीज बिघडला. अठ्ठावीसनंतर मागवू. फ्रीज काय पळून जातोय?

बुधवार, १२ जून
वहीवाली रोज सकाळी नऊला आणि दुपारी चारला गायब होते. आज पकडली. स्वतःचं छोटं थर्मामीटर घेऊन फ्रीज दोनपुढे उभी. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाली, सराव. करू दिला. यजमानाचं मन मोठं हवं.

सोमवार, १७ जून
सकाळी फ्रीज दोनच्या आतल्या कप्प्याला हात लागला. गार वाटला नाही. माझाच हात गार असणार. जास्त वेळ उघडा ठेवला नाही, उगाच थंडावा जातो.
रजिस्टर भरलं. चार, चार, चार, चार, चार.
दुपारी हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन. वॉर्डातल्या दोन पोरांची पोटं बिघडलीत, पाणी नक्की ठीक आहे ना? म्हटलं, सिस्टर, रिपोर्टवर माझी सही आहे ना? मग निर्धास्त राहा.
फोन ठेवल्यावर फ्रीज दोनचं दार पुन्हा दाबून लावलं. थंडावा जायला नको.

शुक्रवार, २१ जून
इंटर्नशिपचा अहवाल आला. एक्केचाळीस पानं. यजमानाची सही हवी. दुसऱ्या पानावर माझे आभार: 'सरांनी आमच्यापासून काहीही लपवलं नाही.' डोळ्यांत पाणीच आलं हो. पुढे आलेख होते. आलेख सगळे सारखेच असतात. प्रत्येक पानावर सही ठोकली.

सोमवार, २४ जून
झोप नीट नाही. कप्प्याला हात लावायचं टाळतोय. रजिस्टर भरलं.

गुरुवार, २७ जून
मौनी कुठून तरी रबर घेऊन आला आणि फ्रीजपुढे गुडघ्यांवर बसला. माझा आवाज चढला. म्हटलं, उद्यापर्यंत कुणीही फ्रीजला हात लावायचा नाही. तो उठला, रबर माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेला. पाचावर धारण बसलेली दिसतेय बिचाऱ्याची.
इस्त्रीचा शर्ट तयार. हिने विचारलं, अहो, तो अहवाल सगळा वाचलात ना? हिला प्रत्येक शुभकार्यात शिंकायची सवयच आहे.

शुक्रवार, २८ जून. दुपारी ४
झालं.
एकोणिसावी स्लाइड. आलेखावर दोन रेघा. निळी चारवर, अगदी सरळ, रजिस्टरची. लाल चढत चढत अकरावर, वहीवालीच्या थर्मामीटरची. आधी वाटलं, आपली रेघ किती नेटकी आहे! मग लक्षात आलं, खोलीत कुणी खोकतसुद्धा नाहीये.
साहेबांनी तिला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पान चौदावर आहे, सरांनी सही केली, म्हणजे त्यांना माहीत असणार. मग माझ्याकडे वळून म्हणाली, सर, माहीत होतं ना? चेहरा रडवेला झाला होता तिचा. मी पान चौदा उघडून पाहिलं, खाली माझीच सही होती.
साहेबांनी मौनीला विचारलं, अकरा अंशांवर काय होतं? मौनी म्हणाला, बाटलीत जंतू वाढतात नाहीतर मरतात, सकाळी मोजलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.
साहेब म्हणाले, उद्यापासून लॅब हा बघेल. मौनीकडे बोट होतं.

त्याच दिवशी, ५.४०
साहेबांनी मला केबिनमध्ये नेऊन त्यांच्या खुर्चीत बसवलं. फोन तिथेच आहे. म्हणाले, हॉस्पिटलला लावा आणि तुमच्या तोंडाने सांगा. खुर्ची उंच आहे, माझे पाय नीट टेकत नाहीत.
सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. मागे एक पोर रडत होतं. मग तिने विचारलं, म्हणजे इतके दिवस पोरं जे पाणी प्यायली, ते चांगलं होतं की वाईट?
मी म्हटलं, माहीत नाही.
ती म्हणाली, थांबा, डॉक्टरांना देते. त्यांनीही तेच विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं.