मेलूर, आज तुझा रोजा नाही

मेलूर पोरी,

संध्याकाळी वाटायच्या पेजेची कढई ढवळायला मी मशिदीत चाललेय. तुला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. पहाटे न्हाणीघरात तुझ्या ओकाऱ्या ऐकल्या. "पोटात वारा भरलाय," म्हणालीस. अगं, मी तीन बाळंतपणं काढलीत, मला वारा शिकवतेस?

मागच्या खेपेला पोटातलं गेलं, ते मनात असेल, म्हणून तू नवऱ्याला, माझ्या झमरीलाही बोलली नसशील. तू सांगेपर्यंत मीही गप्प. पण रोजा मात्र सोड. भुकेल्याची कळ आपल्याला कळावी, म्हणून तर रोजा धरायचा; पोटातल्याला उपाशी ठेवायला नव्हे. तुझ्यासारखीला अल्लानंच सूट दिलीय, राहिलेले मागाहून धरशील. शेजारणींची भीती वाटत असेल तर दार लाव आणि खा.

भात आणि माशाचं कालवण झाकून ठेवलंय. वास सोसला नाही तर उकडलेली केळी खा. विहिरीवर जाऊ नकोस, पाणी मी आणेन.

रोजेदाराचं मागणं वर लवकर पोचतं म्हणतात. आज मी तुझ्यासाठी आणि पोटातल्या जिवासाठीच मागणार आहे.

तुझी सासू नव्हे,
आई