एक फूट पुढचा पोर्च

मंगळवार, ४ मार्च २०२५. दुपार
दुरुस्ती. परवा, रविवारी, मी लिहिलं की समोरच्या स्वप्नालीचा नवा पोर्च बारा फूट पुढं आला आहे. चूक. दहा फूट तीन इंच. तिची वाटी परत द्यायला गेले होते, टेप बरोबर होता, मोजला. शाळेत घालायच्या आधी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घरीच अक्षरं शिकवली, तेव्हाच सांगितलं होतं की लिहिलेलं खोडायचं नाही, चूक कळली की खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून लिहिली.
त्याच नोंदीत 'मला त्या पोर्चचं काहीही वाटत नाही' असं एक वाक्य आहे. ते तपासलं. बरोबर आहे.

शुक्रवार, ७ मार्च
आत्याबाई आज तीन ते साडेपाच स्वप्नालीच्या पोर्चमध्ये. काल तीन ते पाच. सासू आहेत, कैदी नाहीत. कुठंही बसाव्यात. फक्त नोंद करून ठेवते.
स्वप्नालीनं त्यांच्या डोक्याला तेल लावलं. मी खिडकी पुसत होते म्हणून दिसलं. मग आत्याबाईंनी तिला बाजारातून पळालेल्या बैलाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मला चार वेळा सांगून झाली आहे, पण मला सांगताना त्या एवढ्या हसत नाहीत. मागच्या वेळी मी इतकंच म्हणाले होते की बैल आधी तांबडा होता, आता पांढरा कसा झाला. तेव्हापासून गोष्ट बंद.

सोमवार, १० मार्च
आत्याबाईंनी तिला आमटीला लावायच्या येसराच्या पिठाचं प्रमाण सांगितलं. धने किती, बाजरी किती, सगळं. मला लग्नानंतर दीड वर्षानं सांगितलं होतं, तेही 'कुणाला बोलू नको' म्हणून.
संध्याकाळी स्वप्नाली येसराची आमटी घेऊन आली. "ताई, चाखून सांगा, मावशींसारखी झालीया का?" मी सांगितलं की मीठ जरा पुढं गेलं आहे. खरं तेच सांगितलं.
आमटी चांगली होती. मीठही बरोबर होतं. (दुरुस्ती.)

बुधवार, १२ मार्च. सकाळी ७
ठरलं. आपल्याही दाराला पोर्च पाहिजे. कारणं लिहून काढली: १) आमच्या सिरसाळ्याचं ऊन. २) दारात पाऊस येतो. ३) पाहुणे चपला उन्हात काढतात. चौथं कारण नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कावून? आपला ओटा काय वाईट हाय का?" मी म्हणाले, आत्याबाईंना ओट्यावर ऊन लागतं. नेमक्या तेव्हाच आत्याबाई आत आल्या. म्हणाल्या, "मला कुठलं ऊन लागतंय? मी तर दुपारभर स्वप्नालीकडं सावलीला असती."
विषय संपला असं वाटलं. पण मग हे म्हणाले, तसं पाहिलं तर गाडीचं सीट उन्हानं फाटायला लागलंय. पोर्च मंजूर.

गुरुवार, २० मार्च
हरिबा मिस्त्री आले. स्वप्नालीचा पोर्च त्यांनीच केला. दुसरा मिस्त्री बघणार होते, पण मग दोन्हींत फरक राहिला असता. त्यांनी विचारलं, "ताई, डिझाईन कसं पायजे?" मी म्हणाले, एकदम वेगळं. सपाट स्लॅब, दोन गोल खांब, वर कमळाची पट्टी, आणि एक फूट पुढं.
"म्हंजे स्वप्नालीताईंसारखंच की."
मी नाही म्हणाले. ते हो म्हणाले. असं तीन वेळा झालं.
मग म्हणाले, "ऐका माझं. त्यांचं दार पूर्वेला, त्यांना दुपारी सावली आपसूक. तुमचं तोंड पश्चिमेला हाय. चारनंतर ऊन खालून आत शिरतंय. तुमी पत्र्याची उतरती पडवी घ्या, खाली वाकलेली." समोर स्लॅब आणि आमच्याकडं पत्रे! मी त्यांना सांगितलं की दिशा मलाही कळतात, आप्पांनी अंगणात उभं करून शिकवल्यात. ते म्हणाले, मग झालंच.

रविवार, ३० मार्च. पाडवा
कामाला मुहूर्तावर सुरुवात. हरिबांनी नारळ फोडला, एक खड्डा घेतला, श्रीखंड खाल्लं आणि गेले. उद्यापासून जोरात.

बुधवार, ९ एप्रिल
एक खड्डा.
आत्याबाई रोज त्याला वळसा घालून समोर जातात.

शनिवार, १२ एप्रिल
हरिबा आले. माजलगावला एक स्लॅब अडकला होता म्हणाले. आणखी तीन खड्डे. मी प्रत्येक मोजला. "ताई," म्हणाले, "तुमी इंजिनियर व्हायला पायजे हुतं, म्हंजे आमच्या वाट्याला आला नसता."

शनिवार, २६ एप्रिल
स्लॅब पडला! मिक्सरचा आवाज गल्लीभर. आत्याबाई मात्र सकाळपासून स्वप्नालीच्या पोर्चमध्ये. म्हणे धूळ सोसत नाही. स्वप्नालीनं सगळ्या मजुरांना न सांगता चहा पाठवला. आमचा चहा तयार होता. मजूर दोन्ही प्यायले, पण "आलं घातलंय बघा" हे तिच्याच चहाला म्हणाले.
उद्यापासून मी पण आलं घालणार. (उद्या मजूर नाहीत.)

शुक्रवार, २ मे
दिवसातून चार वेळा स्लॅबवर पाणी मारते. आमचा पाइप कोपऱ्यापर्यंत पुरेना. स्वप्नाली स्वतःहून तिचा पाइप घेऊन आली. हिरवा, पन्नास फुटी, तोंडाला पितळी नळी. "राहू द्या ताई, लागंल तवर वापरा." हिचं वागणं हे असं आहे. माणसाला रागवायला जागाच ठेवत नाही.
सगळं झाल्यावर आत्याबाई माझ्याजवळ पोर्चमध्ये येऊन बसतील. तिथं त्यांच्यासाठी बाज टाकायची. लोखंडी नको, नवारीची.

शनिवार, १७ मे
सेंट्रिंग खोललं. खाली उभी राहिले. काय गार वाटलं! सकाळचे आठ वाजले होते. गिलावा, रंग झाला की शनिवारी चहाला सगळ्यांना बोलवायचं. उद्घाटन म्हणायचं नाही, लोकांना वाटेल आपण दाखवतोय.

शनिवार, २४ मे. रात्रीची जेवणं अजून व्हायची आहेत
साडेतीनला बायका जमल्या. बाजेवर मधोमध आत्याबाई. नवी चादर. पोहे, चहा, आलं. चाळीस मिनिटं माझ्या आयुष्यात काही कमी नव्हतं.
चार वाजून दहा मिनिटांनी ऊन स्लॅबच्या खालून आलं. आधी पायांवर, मग मांडीवर. बायका मागं सरकल्या. भिंत लागली. सुरेखाकाकूंनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "पोर्च झकास झाला गं, पण ह्याला कुलर लागंल." साडेचारला कुणीतरी म्हणालं समोर बसू या का जरा. गेल्या. कपबश्यासुद्धा नेल्या. आत्याबाई शेवटी उठल्या हे मी पाहिलं. पण उठल्या.
हरिबा बरोबर होते असं इथं लिहिणं भाग आहे.

गुरुवार, २९ मे
पश्चिमेच्या बाजूनं हिरवी शेडनेट बांधली. ऊन थांबलं. आता आत बसलं की रोपवाटिकेतल्या मिरचीसारखं वाटतं आणि गल्लीतलं कुणी दिसत नाही. मी एकटीच तासभर बसले. सगळ्यांचा आवाज येत होता. स्वप्नालीचा जास्त.
आत्याबाईंना म्हणाले, आता सावली आहे. त्या म्हणाल्या, "हाय की. पण दिसतंय काय हितून?"
नेट काढली.

बुधवार, ४ जून
पेरणीचं सामान आलं. ह्यांनी मला न विचारताच खताच्या सव्वीस गोण्या पोर्चमध्ये रचल्यासुद्धा. वर सोयाबीनचं बियाणं. "पावसात भिजू नये म्हणूनच तर पोर्च केला ना," म्हणाले. कारण क्रमांक दोन मीच दिलं होतं.
गाडी बाहेर उन्हात. बाज आत माडीवर. बसायला एक माणूस मावेल, तोही गोणीवर.

सोमवार, ९ जून. दुपार
स्वप्नाली आली होती, उद्याच्या वडाच्या पूजेला बरोबर जायचं का विचारायला. गोण्यांमधून वाट काढत आत आली, बसायला जागा नव्हती म्हणून उभीच राहिली. जाता जाता म्हणाली, "ताई, एक सांगू का, राग येऊ देऊ नका. मावशी रोज माझ्या पोर्चमधी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत्यात. 'ये गं, बघ, आमच्या तेजश्रीचा पोर्च. हिच्यापेक्षा फूटभर पुढं हाय.' माझ्याच बाजेवर बसून! माझा चहा पिऊन! आता मला तरी काय वाटत आसंल, सांगा. माझ्या सासूबाई पुण्याला दिराकडं. माझ्या पोर्चला चांगलं म्हणायला हाय कोण?"
हसत सांगत होती, पण पूर्ण हसत नव्हती. मला सांगायचं होतं की फूटभर नाही, अकराच इंच आहे, गिलाव्यात एक इंच गेला. सांगितलं नाही. तिला आत नेऊन पाटावर बसवलं आणि चहा दिला. ती गेल्यावर लक्षात आलं, आम्ही दोघी अशा बसलो ते पहिल्यांदाच. ती लग्न होऊन आल्याला तीन वर्षं झाली.

त्याच दिवशी, साडेपाच
आत्याबाई परत आल्या. मी सरळ विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आपल्या घरी एवढा पोर्च असताना तुम्ही तिकडं का बसता?
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. "अगं, हितं बसलं की तिचं घर दिसतंय. तिथं बसलं की आपलं दिसतंय. चारनंतर ऊन पडलं म्हंजे ते कमळ असलं झळकतंय! तुला ठावंच न्हाई. तू कवा बघितलंच न्हाईस तिथून."
मग चप्पल काढता काढता म्हणाल्या, "ये की एक दिस. तुला कुणी न्हाई म्हणलंय का? ती पोरगी रोज इचारती, ताई कावून येत न्हाईत. मी काय सांगू? म्हणलं कामात हाय."
मी त्यांच्यासमोर खरंच कामात होते. खिडकी पुसत होते. ती स्वच्छ होती.

साडेसहा
विचार केला. उद्या वटपौर्णिमा, उपवास, बसायला गेलं की खायचा आग्रह होतो. बुधवारी पेरणीची माणसं जेवायला. शुक्रवारी माझे केस धुवायचे असतात. गुरुवारी काही नाही. गुरुवारी काही आहे का ते दोनदा बघितलं. नाही.
मी तिथून आपला पोर्च कसा दिसतो ते बघायला जाणार आहे. आत्याबाईंच्या बाजेवर पायाकडच्या बाजूला जागा असते, तिथं बसायचं.
गुरुवार, १२ जून. दुपारी चार.