नकाशातली रेघ

४ जानेवारी
आजपासून ग्रीसचं काम तात्पुरतं, असं मनाशी पक्कं केलं. घरापासून इतक्या लांब येऊन डंपरच्या पोटाखाली आडवं पडून ग्रीस मारायला मी जन्मलेलो नाही. विमान बनवणार. थर्माकोलचं, एका मोटरचं, पोटाला जुना मोबाइल बांधलेला. विमान वर फिरणार, मोबाइल आपोआप खालचे फोटो काढणार, कॉम्प्युटर ते फोटो जोडून अख्ख्या खाणीचा नकाशा करणार. व्हिडिओत एका पोराने आठवड्यात करून दाखवलंय. तो शाळा सांभाळून करतो. मला शाळेची अडचण नाही, म्हणजे आणखी लवकर होईल.

दाजींना सांगितलं. दाजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांनीच मला इथे खाणीत चिकटवलं. रात्रपाळीला डंपर चालवतात, दिवसा खोलीत झोपतात. म्हणाले, आधी पंखा परत जोड. पंखा मीच खोलला होता, मोटरचा अभ्यास म्हणून.

१६ जानेवारी, दुपारी
विमान तयार. एक पंख जरासा आखूड झालाय. वाऱ्याला काय कळतंय.

१६ जानेवारी, संध्याकाळी
कळलं.

विमान मेसच्या पत्र्यावर. आचाऱ्याने शिडी लावून काढून दिलं. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण हळू बोलणं त्याला जमतच नाही. सगळी मेस जेवत असताना त्याने विचारलं की हे परत देऊ की रश्श्यात सोडू. हसणाऱ्यांची तोंडं लक्षात ठेवली आहेत.

२५ जानेवारी
उडालं. उतरलंसुद्धा, आणि ठरवलेल्या जागेपासून फार लांब नाही.

आमच्या खोल्यांच्या मागे, खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा आहे. ढिगारा म्हणायचं, पण डोंगरच तो. त्याच्यावरून चकरा मारल्या. फोटो झकास.

२७ जानेवारी
वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर फोटो जोडले. नकाशा बघून माझे मलाच हात जोडावेसे वाटले. खोल्या काडेपेट्यांसारख्या दिसतात. दोरीवर दाजींचा बनियन, भोकासकट. दोष एकच. ढिगाऱ्याच्या माथ्यावर एक बारीक काळी रेघ. दोन फोटो जुळतात तिथला सांधा. पुढच्या वेळी हळू उडवायचं.

खोलीचं दार घासतंय. रंधा मारला.

३ फेब्रुवारी
हळू उडवलं. रेघ आहेच, उलट लांब झाली. वारा होता.

दाजी उठून चहा पीत मागे उभे होते. म्हणाले, "फोटोच्या कडा सरळ असतात ना रे? मग तुझा सांधा विळ्यासारखा वाकडा कसा?" त्यांना सांगितलं की हे टेक्निकल आहे. ते म्हणाले, असेल बाबा. डंपरवाल्यांना सगळंच स्टिअरिंगएवढं सोपं वाटतं.

६ फेब्रुवारी
मोठा शोध. रेघ सांध्याची नाही. ती सुट्या फोटोतही दिसते, आणि एकट्या फोटोला सांधा कुठून येणार. हे मी कोणाच्याही मदतीशिवाय शोधलं. म्हणजे लेन्सवर केस आहे. लेन्स पुसली.

७ फेब्रुवारी
केस नव्हता. लेन्सच खराब. भोंग्याकडून त्याचा जुना फोन मागितला. त्याने दिला, वर सगळ्यांना ऐकवलं की यातून फोन लागत नाही, पण विमानातून देवाला लागेल.

९ फेब्रुवारी
भोंग्याच्या फोनलाही तोच आजार. जागासुद्धा तीच. एकाच कारखान्यातले असणार.

दार परत अडकलं. परत रंधा मारला, तरी तेच. सुतार बघून गेला. म्हणाला दार बरोबर आहे, चौकट तिरकी झालीय. स्वतःच्या कामाचं खापर चौकटीवर. खोलीमागच्या नळाला गढूळ पाणी येतंय, त्याचा प्लंबरही याच्याच नात्यातला असावा.

१४ फेब्रुवारी
दिवस उजाडला एकदाचा. मॅनेजर साहेबांनी बोलावलं. वाटलं पंखा-प्रकरण. पण त्यांना नकाशा बघायचा होता. वरच्या ऑफिसची माणसं येणार आहेत, ढिगाऱ्यावर आणखी माती टाकायची परवानगी हवी आहे. बाहेरचा सर्व्हेवाला बोलवला तर महिनाभर खेळवेल.

साहेबांनी रेघेवर बोट ठेवलं. हे काय, म्हणाले. मी म्हटलं, फोटोचा दोष. त्यांनी बोट उचललं नाही. खिडकीतून ढिगाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "दोषच आहे ना? मग काढून टाक."

मोठ्या माणसांना पटकन समजतं.

१५ फेब्रुवारी
काढली. शेजारची चांगली माती कॉपी करून रेघेवर चिकटवली. सोपं नाही ते. रंग जुळवायला दुपार गेली. आता कोणी शोधून दाखवावी. साहेबांनी पाठ थोपटली. नकाशाखाली माझं नाव, आणि नावापुढे 'सर्व्हेअर'. फोटो काढून ताईला पाठवला.

१८ फेब्रुवारी
ऑफिसातली मागची खोली मिळाली. झोपायलाही तिथेच. कॉम्प्युटरला गारवा लागतो. दाजींना एकट्याला आमची जुनी खोली मोठी होईल, पण त्यांना तशीही झोपेत शांतता हवी असते.

ग्रीस सुटलं.

२० फेब्रुवारी
परवानगी आली. रात्रपाळी आता माती ढिगाऱ्यावर नेऊन ओतते. दाजी पण. सकाळी मला म्हणाले, वर गाडी मागे घेताना चाक बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, टायरची हवा बघा.

२३ फेब्रुवारी
भोंग्याने वळकटी उचलली. मेसच्या कोठारात पोत्यांवर झोपणार म्हणे. खोलीच्या भिंतीतून आवाज येतात, विजेचा खांब खोल्यांकडे झुकलाय, त्याचं कुत्रंसुद्धा आता मागे फिरकत नाही. कुत्रं खरकट्यामागे गेलं, एवढं साधं. दाजींनाही चला म्हणत होता. दाजी माझ्याकडे आले. दारात उभं राहून विचारलं, "तू वरून बघतोस. खरं सांग, झोपू ना मी तिथे?"

नकाशा उघडून दाखवला. कुठे काही नाही. त्यांनी बोट फिरवत बघितलं. ती वाकडी रेघ कुठे गेली, म्हणाले. सांगितलं, दुरुस्त केली. हसले, म्हणाले बरं झालं. कोठारातल्या उंदरांपेक्षा आपली खोली बरी.

जाताना नवा पंखा कधी बसवतोस ते विचारून गेले. रविवारी नक्की.

२६ फेब्रुवारी
आजच्या फोटोत रेघ जाड आहे. तिच्या आत सावलीही पडते. दोषाला सावली पडते हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नाही. साफ करायला जास्त वेळ लागणार. साहेबांना विचारू का, असं वाटलं. मग वाटलं, नव्या सर्व्हेअरने लगेच शंका काढल्या तर कच्चा वाटेल.

झोप नीट लागली नाही. कॉम्प्युटरचा पंखा आवाज करतो.

१ मार्च
सकाळी विमान वर होतं. मी खाणीच्या पलीकडच्या कडेला, रिमोट हातात, मान वर. डंपर माती ओततो तसा आवाज झाला. तो थांबतो, हा थांबला नाही.

आधी विमान उतरवलं. हवेत तसंच सोडायचं नसतं, नियम आहे. मग बघितलं. खोल्यांच्या जागी धूळ.

भोंगा सगळ्यांच्या पुढे होता, हातात मेसचं मोठं उलथनं घेऊन. पहिल्यांदाच त्याचा आवाज येत नव्हता.

१ मार्च, संध्याकाळी
दाजींना काढलं. जिवंत. दोन्ही पाय गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण राहिले असंही म्हणत नाहीत. बाकी सगळे दिवसपाळीचे, कामावर होते. दाजींना जाग आली होती, आवाज आला तशी. दाराकडे धावले. दार उघडलं नाही.

मी दोनदा रंधा मारला होता.

३ मार्च
साहेबांनी बसायला खुर्ची दिली. वरच्या ऑफिसची माणसं समोर. माझा नकाशा टेबलावर, रंगीत, मोठा छापलेला. खरंच सुंदर दिसत होता. त्यातल्या एकाने विचारलं की ढिगाऱ्यावर आधी तडा वगैरे काही खूण होती का. मी उत्तर द्यायच्या आत साहेब म्हणाले, नकाशातच बघा ना, सर्व्हेअर इथेच बसलाय.

साहेबांनी कागद पुढे केला. त्यात लिहिलंय की या नकाशात कोणतीही खूण दिसत नाही. दोनदा वाचला. यात खोटं एक अक्षर नाही. या नकाशात खरंच नाही. ढिगाऱ्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. सही केली.

मोबाइलमधलं जुन्या फोटोंचं कार्ड साहेबांनी मागून घेतलं. बदल्यात नवीन दिलं, जास्त जागेचं. उद्या उडवायचं आहे, माती कुठपर्यंत आली ते मोजायला.

४ मार्च
ताईचा फोन. दाजींनी तिला हॉस्पिटलमधून कळवलंय. कंपनी म्हणते आधी काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे पायांचं ज्याचं त्यानं बघायचं. ती रडत नव्हती, नीट विचारत होती. म्हणाली, ते सांगतात नकाशात वाकडी रेघ होती, ते भ्रमात बोलतायत का? मग म्हणाली, "तू तर वरून बघत होतास ना रे?"

रेंज गेली.

म्हणजे, होती. ती बराच वेळ हॅलो म्हणत होती.