हरणांच्या सोमवारी रिकामा वर्ग

ती. मेल्विनकाकांना प्रेमाचा नमस्कार.

मचाणावरून उतरताना दुखावलेला तुमचा गुडघा आता बरा असावा. (काकू म्हणते, जिना चढवत नाही, पण तळघरातल्या फ्रीजपर्यंत उतरवतं.) इकडे आईबाबा मजेत. घरात माझी एकटीची पदवी, म्हणून आई विम्याची कागदपत्रं मलाच वाचायला देते. मलाही ती कळत नाहीत, पण सांगायचा धीर होत नाही.

माझ्या अमेरिकन साहित्याच्या वर्गाची हकिगत तुमच्या कानावर आलीच असेल, पण ती माझ्याकडून ऐका. आम्ही जुनी गाजलेली भाषणं वाचत होतो. माणूस वादाने नाही, त्याचं मन ओळखल्याने वळतो, हे मी मुलांना जीव तोडून शिकवलं आणि म्हटलं, आता मनापासून हवी असलेली एक गोष्ट मुख्याध्यापकांना पत्राने पटवा. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की पहिल्या सोमवारी शाळेला दरवर्षी सुट्टी असायची, ती यंदा रद्द झालेली, तेव्हा सगळ्यांनी तीच मागितली. कोल्बीने लिहिलं, आजोबांचे डोळे अधू होत चाललेत, यंदा हरीण मीच दाखवायचं. (आजोबा अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात, हे मला मागाहून कळलं.) मुख्याध्यापकांनी डोळे पुसले आणि पत्र लिहिणाऱ्यांना सुट्टी दिली. इतका आनंद मला पदवीदानालाही झाला नव्हता.

नेमक्या त्याच सोमवारी जिल्ह्याच्या शिक्षण अधीक्षक बाई माझा वर्ग पाहायला आल्या. वर्गात एकटी ट्रूडी. ती मांस खात नाही, त्यामुळे त्या दिवशी गावात तिला जायला दुसरी जागा नव्हती. बाईंनी विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"हरणांमागे," ट्रूडी माझ्याकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली. "कसं जायचं ते ह्यांनीच शिकवलं."

बाई हसल्या नाहीत. हा वर्ग निरुपयोगी आहे, पुढच्या वर्षी बंद करावा, असं त्यांनी लिहून दिलं. काका, यापेक्षा उपयोगी वर्ग मी तरी पाहिलेला नाही.

गुडघा शेकत जा.

तुमची पुतणी,
मार्लिस

ता. क. शाळेच्या मंडळात गुरुवारी याच वर्गावर मतदान आहे आणि तुम्ही मंडळावर आहात, हे आत्ताच आठवलं.

ता. क. दुसरा. हे पत्र नमुना म्हणून मुलांना वाचून दाखवलं. त्यांच्या मते मागणी फार उशिरा येते आणि 'आत्ताच आठवलं' कोणाला पटणार नाही. "बाई, एखादे आजोबा घाला," असं कोल्बी म्हणाला. मी घातले नाहीत. फक्त, तुमच्या घरी मन कोणाचं वळवावं लागतं हे ओळखून काकूला वेगळं पत्र पाठवलंय. त्यात मागणी पहिल्याच ओळीत आहे.